उभं राहून सांगण्याचं बळ

सिस्टर मार्सेलिन यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि भांडणारे होते माझे वडील. या गोष्टीला आता अडतीस वर्षे झाली. बारावी होऊन मी कोल्हापुरातल्या एका मिशन दवाखान्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये प्रवेश घ्यायला आले होते. आमचे गाव गडहिंग्लजच्या पुढे, घर जैन, शेती उसाची. आमच्या भावकीतून नर्स व्हायला निघालेली मी पहिलीच मुलगी, आणि तीही ख्रिस्ती दवाखान्यात. आप्पा एसटीत सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. साठवून ठेवलेले ते सगळे शब्द त्यांनी सिस्टरांच्या टेबलासमोर बाहेर काढले.

"बाई, पोरगी शिकायला आणलीया, बाटवायला न्हाय. आधीच सांगून ठेवतो."

सिस्टर तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डच्या प्रमुख होत्या आणि स्कूलमध्ये शिकवतही होत्या. अंगाने लहानखुऱ्या, पांढरा झगा, गळ्यात लाकडी क्रूस. त्या उठल्या, आप्पांच्या मागची खुर्ची पुढे ओढून दिली, आणि आप्पा बसेपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, हिला चांगली नर्स करणं माझ्या हातात आहे. कुणाचं मन बदलणं माझ्या हातात नाही. ते देवाचं काम. आणि तोसुद्धा विचारल्याशिवाय करत नाही, असा माझा अनुभव आहे."

आप्पा खुर्चीत सावरून बसले. त्यांनी जेवणाचा विषय काढला. आमच्यात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, आणि सूर्य मावळल्यावर पोरगी जेवत नाही, असे त्यांनी जरा दरडावूनच सांगितले. सिस्टरांनी मान हलवली आणि सगळे एका कागदावर लिहून घेतले. परतीच्या एसटीत बसताना आप्पा मला एवढेच म्हणाले, "बाई ऐकून घेणारी हाय."

त्या कागदाचे पुढे काय झाले ते मी तीन वर्षे अनुभवले. माझी दुपारपाळी असली की संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सिस्टर वॉर्डच्या दारात येऊन उभ्या राहत. माझ्या हातातला ट्रे घेत आणि म्हणत, "जा, जेवून ये. सूर्य आपल्यासाठी थांबत नाही." मी मेसमधून परत येईपर्यंत वॉर्डच्या प्रमुख सिस्टर माझ्या वाटणीची कामे करत असत. कुणाला पाणी दे, कुणाची चादर बदल, कुणाचे भांडे उचल. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीची कामे ती! हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. मला कॅथलिक प्रार्थनेला बसवले नाही आणि माझ्या णमोकार मंत्राला कधी नाक मुरडले नाही. मी आजही जैनच आहे. तरी माझे गुरू कोण, असे कुणी विचारले तर मी सिस्टर मार्सेलिन यांचे नाव घेते आणि ते अभिमानाने घेते.

सिस्टरांचा जन्म चंदगडच्या डोंगरातला. घरात कोंकणी, गावात चंदगडी, शाळेत मराठी, म्हणून त्यांच्या बोलण्यात तिन्ही आजही सुखाने नांदतात. वडिलांची थोडी भातशेती आणि काजूची झाडे. सात भावंडांत त्या तिसऱ्या. धाकट्या भावाला तापात दवाखान्यात नेताना वाटेतच गमावले, त्या वर्षी त्यांनी नर्स व्हायचे ठरवले, आणि एकोणिसाव्या वर्षी त्या नन होण्यासाठी कॉन्व्हेंटमध्ये दाखल झाल्या. एवढे त्यांनी सांगितले आहे. याहून जास्त त्या स्वतःविषयी बोलत नाहीत.

त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचा असे आम्ही माजी विद्यार्थिनींनी ठरवले, तेव्हा सिस्टरांनी साफ नकार दिला. दोन महिने आम्ही मागे लागलो. शेवटी त्या म्हणाल्या, "काढा. पण दत्ता खोतांच्या हाताची गोष्ट त्यात आली पाहिजे. आणि ती सुजातानं लिहायची, कारण ती तिथं होती. माझं चांगलंच तेवढं छापणार असाल तर ती मी नव्हेच." म्हणून मी ती लिहिते आहे. गौरवलेखात कुणी अशी गोष्ट लिहीत नाही, हे मला माहीत आहे.

दत्ता खोत हे शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ओतकामाचे साचे तयार करणारे मोल्डर होते. वय सत्तावीस-अठ्ठावीस. वाळूने भरलेली साच्याची लोखंडी पेटी निसटून त्यांच्या डाव्या हातावर पडली. डॉक्टरांनी हाडे बसवून हात प्लॅस्टरमध्ये घातला आणि दत्ताभाऊ आमच्या वॉर्डात आले. मी तेव्हा शिक्षण संपवून त्याच वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून लागले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ते मला म्हणाले, "सिस्टर, बोटांस्नी मुंग्या आल्यात. माझीच हायत असं वाटंना झालंय."

मी त्यांची नखे दाबून पाहिली. दाबल्यावर पांढरे पडलेले नख सोडताच पुन्हा लाल व्हायला हवे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा रंग फारच सावकाश परत येत होता, म्हणजे तिथे रक्त नीट पोचत नव्हते. मी जाऊन सिस्टर मार्सेलिन यांना सांगितले. त्या दिवशी वॉर्डात एक पलंग रिकामा नव्हता, दोघी नर्सेस रजेवर होत्या आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. सिस्टर आल्या, उभ्याउभ्याच हात पाहिला आणि म्हणाल्या, "सूज आहे. उशीवर हात उंच ठेव. डॉक्टर सकाळी बघतील."

मी पुन्हा विचारले, "थिएटरमध्ये निरोप पाठवू का?"

"सकाळी म्हटलं ना."

त्यांचा तो स्वर मी पूर्वी ऐकला नव्हता. मी निरोप पाठवला नाही. पाळी संपली तशी घरी गेले. सकाळी डॉक्टरांनी प्लॅस्टर कापले तेव्हा ती दोन बोटे काळी पडली होती. आठवड्याच्या आत ती काढून टाकावी लागली.

ज्या सकाळी प्लॅस्टर कापले त्या सकाळचे सगळे मला काल घडल्यासारखे आठवते. डॉक्टर सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाले की हात चेंगरलेलाच होता, बोटे तशीही गेलीच असती कदाचित, तुम्ही हे स्वतःवर कशाला ओढवून घेता? सिस्टर म्हणाल्या, "कदाचित राहिलीही असती, डॉक्टर." एवढे बोलून त्यांनी वॉर्डची रिपोर्टवही उघडली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले की रुग्णाची तक्रार दुपारी चार वाजता स्टाफ नर्सने मला सांगितली होती, डॉक्टरांना कळवण्याविषयी विचारलेही होते, मी कळवू दिले नाही. खाली सही केली.

मी घाबरले होते. मी हळूच म्हणाले की सिस्टर, मी कुणाला काही सांगणार नाही, लिहू नका. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे गे. पण मला त्यांचं ड्रेसिंग करायचंय. रोज, त्यांच्या डोळ्यांत बघून."

मग त्या दत्ताभाऊंच्या पलंगाशी गेल्या. त्यांच्या पत्नी अक्काताई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. वॉर्डात वीस पलंग, आणि वीसही पलंगांवरचे कान तिकडेच लागलेले. सिस्टरांनी पडदा ओढला नाही. उभ्या राहून, दोन्ही हात समोर धरून त्यांनी सगळे सांगितले. काल तुम्ही तक्रार केलीत, या नर्सने मला येऊन सांगितले, मी नीट पाहिले नाही, डॉक्टरांना बोलावले नाही. ही माझी चूक आहे. मी तुमची क्षमा मागते.

दत्ताभाऊ छताकडे बघत राहिले. बोलल्या त्या अक्काताई.

"तुमी माफी मागून माझ्या मालकाची बोटं परत येणार हायत काय?"

"नाही येणार," सिस्टर म्हणाल्या.

"मग कशाला सांगाय आलाईसा?"

"तुम्हाला खरं माहीत असायला हवं म्हणून."

अक्काताईंनी तोंड फिरवले. सिस्टर वॉर्डच्या दाराकडे चालत गेल्या. ते अंतर असेल तीस-चाळीस पावलांचे.

आम्हा जैनांत वर्षातून एक दिवस क्षमा मागण्याचा असतो. लहानपणापासून त्या दिवशी मी घरोघर हात जोडत आले आहे. मनापासूनच जोडत होते. पण ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर, नेमकी कोणती चूक ते सांगून, बदल्यात काहीही न मिळण्याची तयारी ठेवून मागितलेली क्षमा मी प्रथम पाहिली ती त्या सकाळी, आणि मागणारी व्यक्ती माझ्या धर्माची नव्हती.

संध्याकाळी पाळी संपल्यावर मी त्यांना शोधत चॅपेलमध्ये, दवाखान्याच्या प्रार्थनाघरात, गेले. त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. डोळे सुजलेले होते. मी शेजारी बसले. मग त्या जे बोलल्या ते मी तेव्हापासून जपून ठेवले आहे.

"मला वाटायचं, प्रभू येशूची शक्ती माझ्याबरोबर आहे म्हणजे माझ्या हातून असं काही घडणार नाही. तसं नसतं गे. आज त्या पलंगापासून दारापर्यंत चालायचं बळ माझ्यात नव्हतं. तरी मी चालत आले. ते बळ कुणाचं, ते मला कळलं."

मी त्यांच्या श्रद्धेची नाही. पण श्रद्धा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी थोडे समजले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. गावाकडून नातेवाईक आले, दवाखान्याच्या फाटकात आरडाओरडा झाला, तक्रारअर्ज झाले. सिस्टरांच्या वरिष्ठांनी त्यांना प्रमुखपदावरून दूर केले. सिस्टरांनी एका शब्दाने विरोध केला नाही. मागितले एकच, बदली करू नका, याच वॉर्डात साधी नर्स म्हणून राहू द्या. त्यांच्या जागी आलेल्या बाई त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. त्या बिचाऱ्या संकोचाने काही सांगायला कचरत, तर सिस्टर रोज सकाळी त्यांच्यासमोर जाऊन विचारत, "मला आज कोणते पलंग?" असे दीड वर्ष चालले.

दत्ताभाऊंनी सुरुवातीला त्यांना हात लावू दिला नाही. "दुसरी सिस्टर पाठवा," म्हणाले. ड्रेसिंग मी करत असे आणि सिस्टर मार्सेलिन माझ्याशेजारी ट्रे धरून उभ्या राहत. चार दिवस त्या अशा उभ्या होत्या. पाचव्या दिवशी माझ्या हातून पट्टी जरा ओढली गेली तसे दत्ताभाऊ कळवळले, आणि त्यांनी हात माझ्याकडून काढून सिस्टरांपुढे धरला. "तुमीच करा. तुमचा हात हलका हाय." सिस्टरांनी ट्रे माझ्याकडे दिला. त्यांच्या हातून पट्टी अलगद सुटली.

जखम भरली, पण उरलेली बोटे ताठ झाली होती. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. रबरी चेंडू दाबायला दिला तर दत्ताभाऊ कंटाळून तो उशीखाली ठेवत. मग सिस्टरांनी त्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरात नेले आणि कणकेच्या परातीसमोर बसवले. दत्ताभाऊंना लाज वाटली. लोखंड ओतणारा गडी, आणि हे बायकांचे काम! सिस्टर समोर बसल्या आणि स्वतः मळून दाखवू लागल्या. दुसऱ्या दिवशी अक्काताई बघायला आल्या, नवऱ्याच्या कोपरापर्यंत पीठ लागलेले पाहून पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घटनेनंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहत होते. दोन महिने दवाखान्याच्या चपात्यांची कणीक दत्ताभाऊंनी मळली. बोटे वळू लागली. सिस्टर शिरोलीला दोन वेळा जाऊन फौंड्रीच्या मालकांना भेटल्या आणि दत्ताभाऊ त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला लागले. तिथूनच ते गेल्या वर्षी निवृत्त झाले.

त्यांनी क्षमा केली का, हे आम्हाला कळले नव्हते. निरोप घेतानाही अक्काताई सिस्टरांशी बोलल्या नव्हत्या. दोन वर्षांनी त्या बाळंतपणासाठी दिवस भरत आलेले असताना आमच्या दवाखान्यात आल्या आणि नोंदणीच्या खिडकीशी हटून बसल्या. मार्सेलिन सिस्टर असतील तरच दाखल होईन, म्हणाल्या. क्लार्कने सांगितले की त्या बाळंतिणींच्या विभागात नसतात. मला खाली बोलावणे आले. मी विचारले, "अक्काताई, तुमच्या बाबतीत इतकं होऊनही त्याच सिस्टर हव्यात?"

"व्हय. त्याच पायजेत," त्या म्हणाल्या. "चुकतं समद्यांचंच. ह्या बाई लपवत न्हाईत. माझं काय बरंवाईट व्हाय लागलं तर ह्या खरं सांगतील की."

मी वर जाऊन हे जसेच्या तसे सांगितले. सिस्टर हातातले काम टाकून जिन्याने अक्षरशः पळत गेल्या. आमच्या व्यवसायात मानपत्रे मिळतात, पुरस्कार मिळतात. सिस्टरांनाही नंतर मिळाले. पण अक्काताईंच्या तोंडच्या त्या वाक्याहून मोठा सन्मान कुठल्या नर्सला मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मुलगी झाली. तिचे बारसे शिरोलीत झाले आणि पाळण्याच्या दोरीला पहिला हात सिस्टरांचा लागला.

पुढे सिस्टर आमच्या स्कूलच्या प्रमुख झाल्या. प्रत्येक नव्या तुकडीला प्लॅस्टरविषयीचा धडा त्या स्वतः शिकवत, आणि 'एका नर्सने' असे न म्हणता 'मी' म्हणून ही गोष्ट सांगत. समोर अठरा वर्षांच्या मुली, त्यांना आपल्या प्रमुखांविषयी काय वाटेल याची पर्वा नाही. आज आमच्या मुली चंदगडपासून शिरोलीपर्यंत, सरकारी आणि खासगी दवाखान्यांत, परदेशातही आहेत. प्लॅस्टर घातलेल्या रुग्णाची बोटे त्या तासातासाला दाबून पाहतात, आणि शंका आली तर डॉक्टरांना जेवणावरून उठवतात. एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मला हसत सांगितले, "तुमच्या सिस्टरांच्या मुली लगेच ओळखू येतात. झोपू देत नाहीत." किती हात, किती पाय त्यामुळे वाचले असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. करूही नये.

सिस्टरांचे सगळेच गोड आहे असे मात्र कुणी समजू नये. त्या हट्टी आहेत. चादरीची एक घडी वाकडी दिसली तर पूर्ण पलंग पुन्हा घालायला लावत. त्यांचा चहा इतका कडक की पाहुणे एकदाच घेतात. आणि स्तुती केली की त्या सरळ उठून जातात. स्कूलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी चंदगड भागात आठवड्याचा दवाखाना चालवला, दहा वर्षे, औषधांची पेटी मांडीवर घेऊन एसटीने. तिथल्या पावसात पेटीवर प्लॅस्टिक आणि स्वतः भिजलेल्या, असेच त्यांचे येणे असे. मी एकदा सोबत गेले तेव्हा एका म्हाताऱ्या मावशीने त्यांना सगळ्यांसमोर झापले, की तू आता पुरती कोल्हापूरची झालीस, आपली भाषा विसरलीस. घरच्या लेकीसारखे झापले म्हणून त्या दिवशी दिवसभर सिस्टर खुशीत होत्या.

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बदलावा लागला. ऑपरेशन चांगले झाले, पण रुग्ण म्हणून सिस्टर अवघड निघाल्या. विद्यार्थिनी बेडपॅन घेऊन आल्या की त्या 'ठेव, मी बघते' म्हणून परत पाठवत. तिसऱ्या दिवशी कुणी नाही असे पाहून त्या स्वतःच उठायला गेल्या आणि पडता पडता वाचल्या. आता स्कूलची प्रमुख मी आहे. मी जाऊन पलंगाशी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रागावले. म्हणाले, "सिस्टर, या मुलींना हे काम तुम्हीच शिकवलंत. ते कमीपणाचं नाही, असं सांगून शिकवलंत. मग तुमच्या बाबतीत ते कमीपणाचं कसं झालं?"

त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला हाताने जवळ बोलावले.

त्यानंतर काही आठवड्यांनी पवित्र गुरुवार आला. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीसाठी चर्चमध्ये त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. या वेळी बारांत सिस्टरांनी बसावे अशी फादरांची इच्छा होती. यापूर्वी तीनदा विचारले होते आणि तीनदा सिस्टरांनी दुसऱ्या कुणाचे तरी नाव सुचवले होते. या खेपेस त्या हो म्हणाल्या. मी त्यांना घेऊन गेले आणि मागच्या बाकावर बसले. तरुण फादर गुडघ्यांवर बसून एकेकापुढे सरकत आले. सिस्टरांपुढे आल्यावर त्यांनी मोजा हलकेच काढला, पायावर पाणी घातले, टॉवेलने टिपले. सिस्टरांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती. पाय मात्र मागे घेतला नाही.

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना त्या माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "सुजाता, आयुष्यभर दुसऱ्यांचं करत राहिले, त्यात माझा अहंकार छान लपला होता. आज सापडला." आणि मोकळ्या हसल्या.

पंच्याहत्तराव्या वर्षी स्वतःत काहीतरी नवे शोधून काढणारी आणि ते हसत सांगणारी ही बाई आमची शिक्षिका आहे, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. सिस्टर, तुमच्या प्रभूने तुम्हाला शंभरी दाखवावी. गुडघा कुरकुरू नये, डोळे आणि आवाज असेच खणखणीत राहावेत, आणि आमच्या चादरींच्या घड्या तुम्ही अशाच मोडत राहाव्यात. हातपाय थकतील तेव्हा थकू देत. सेवा करायला तुम्ही तयार केलेल्या शेकडो मुली आहेत. त्यांतली पहिली पाळी माझी लावा.